धोका कमी, की नोंद कमी?

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला. गडचिरोली-चंद्रपुरात धक्के चांगलेच जाणवले आणि नागपूर, भंडारा, गोंदियापर्यंत भांडी-खिडक्या हलल्या. अशा वेळी पूर्व विदर्भाला एक ठरलेला दिलासा मिळतो: आपला भाग कमी धोक्याच्या पट्ट्यात येतो. हा दिलासा खोटा नाही. भारतीय मानक संस्थेच्या २००२ च्या नकाशात गोंदिया जिल्हा ‘झोन २’मध्ये, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवर आहे. गोंदिया शहराला खेटून, बालाघाटच्या वाटेवर असलेले नागरा हे जुन्या शिवमंदिराचे गाव त्याच पायरीवर येते. प्रश्न इतकाच आहे की ही पायरी कशावरून ठरली? नागऱ्याखालच्या खडकात आजवर काय हालचाल झाली, हे मोजून ठरली, की तिथे मोठे काही घडल्याची नोंद नाही म्हणून ठरली? माझे म्हणणे असे, की जिथे मोठे भूकंप पिढ्यान्‌पिढ्या होत नाहीत तिथे माणसाला न जाणवणारे लहान भूकंप हाच जमिनीचा जवळपास एकमेव पुरावा असतो, आणि नेमका तोच पुरावा आपण गोंदियासारख्या जिल्ह्यांत गोळा करत नाही. हिमालयात मोठे भूकंप वारंवार होतात, त्यामुळे तिथल्या धोक्याविषयी कुणाला पटवावे लागत नाही. लहान धक्क्यांची मोजणी ‘सुरक्षित’ समजल्या जाणाऱ्या भागांनाच जास्त लागते. हे उलटे वाटेल, पण त्याचे कारण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारी देशाच्या नकाशात ‘झोन १’मध्ये होती, म्हणजे आजच्या गोंदियापेक्षाही निर्धास्त. त्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे गेली. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा झोन १ ही पायरीच काढून टाकण्यात आली आणि किल्लारी झोन ३ मध्ये गेली. नकाशा बदलला तो माणसे गेल्यानंतर. त्याआधी, ऑगस्ट १९९२ पासून पुढचे काही महिने, किल्लारी परिसरात लहान-लहान धक्के जाणवत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यांतला मोठा. नंतर धक्के मंदावले, लोकांना सवय झाली. त्या धक्क्यांची ठिकाणे आणि खोली नेमकी टिपतील अशी यंत्रे जवळपास नव्हती. यंत्रे आली ती ढिगारे उपसले जात असताना आणि मग नंतरच्या धक्क्यांची नोंद तपशीलवार झाली. कोयनेत यंत्रे आहेत, कारण तिथे राज्याला वीज देणारे धरण आहे. पालघरला ती गेली, कारण डहाणू-तलासरीतले लोक नोव्हेंबर २०१८ पासून रात्री घराबाहेर काढू लागले. थोडक्यात, आपल्याकडे भूकंपमापक यंत्र हे बहुतेक वेळा सांत्वनाला आलेल्या पाहुण्यासारखे येते.

गोंदियाच्या आसपास मात्र काहीच नाही असे समजायलाही जागा नाही. जिल्ह्याखालचा खडक मराठवाड्यासारखा बेसाल्टचा नाही, तो कितीतरी जुना आहे. आमगावचे नाव लागलेले नाईस खडक आणि सालेकसा-दरेकसाकडचे ग्रॅनाइट यांची वये अब्जांत मोजतात. उत्तरेला बालाघाटच्या बाजूने मध्य भारतातला एक प्राचीन सांधा जातो, जिथे दोन भूखंड कधीकाळी जोडले गेले. त्याच्याही पलीकडे सोन-नर्मदेचा भ्रंशपट्टा. बालाघाट परिसरात २५ ऑगस्ट १९५७ रोजी ५.५ तीव्रतेचा भूकंप नोंदलेला आहे, आणि बालाघाट नागऱ्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि चाळीसच्या आसपास माणसे दगावली. २०२० च्या पावसाळ्यानंतर सिवनीत धक्क्यांची मालिका सुरू झाली. तिच्यातला २२ नोव्हेंबर २०२० चा धक्का ४.३ चा होता. सिवनी गोंदियापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. दक्षिणेला गोदावरीचे खोरे: तिथे १९६९ मध्ये भद्राचलमजवळ मोठा धक्का बसला आणि पंचावन्न वर्षांनी मुलुगूला. यांतली एकही घटना गोंदियात उद्या भूकंप होईल असे सांगत नाही. पण उत्तरेला आणि दक्षिणेला हालचाल होते आणि मधला तुकडा गप्प आहे, तर तो खरोखर गप्प आहे की आपल्याला ऐकू येत नाही, हे विचारण्याचा हक्क त्या तुकड्यावर राहणाऱ्यांना आहे.

ऐकू येत नाही, हे शब्दशः खरे आहे. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राची देशभरात दीडशेहून अधिक केंद्रे आहेत आणि ३ किंवा त्याहून मोठा धक्का त्यांच्या नोंदीतून सहसा सुटत नाही. पण ३ च्या खाली चित्र विरळ होत जाते. भूकंपांचा एक जुना, जगभर तपासलेला नियम आहे: तीव्रता एका अंकाने उतरली की संख्या साधारण दहापट होते. म्हणजे नोंद ३ ऐवजी १ पासून सुरू केली, तर तेवढ्याच काळात शंभरपट धक्के हाती येतात. हिमालयात ३ पासून नोंद ठेवली तरी पुरेसा ऐवज जमतो. गोंदियात तशी नोंद ठेवली तर दहा वर्षांत नकाशावर मोजके ठिपके पडतील, आणि मोजक्या ठिपक्यांतून भ्रंशाची रेषा काढता येत नाही. नागपूरचे यंत्र गोंदियापासून सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर लांब आहे. भूकंपाची पहिली लहर कठीण खडकातून सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावते, दुसरी साडेतीनच्या आसपास. दोन लहरींच्या मधल्या सेकंदांना आठाने गुणले की अंतर मिळते. तीन-चार यंत्रांवरून ठिकाण मिळते. अडचण खोलीची आहे. धक्का पाच-दहा किलोमीटर खोल असेल तर खोली नीट मोजायला किमान एक यंत्र तेवढ्याच अंतरावर, जवळजवळ डोक्यावर हवे. ते नसेल तेव्हा ५ किंवा १० किलोमीटर असा ठरावीक आकडा गृहीत धरण्याची पद्धत जगभर आहे. बातमीत छापलेल्या ‘खोली १० किलोमीटर’मागे पुष्कळदा एवढेच असते. आणि खोली ही किरकोळ बाब नाही. जबलपूरचा भूकंप सुमारे ३५ किलोमीटर खोल होता, किल्लारीचा दहा किलोमीटरच्या आत. मृतांच्या आकड्यांतल्या प्रचंड फरकाला दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदे जबाबदार होती हे खरेच, पण त्या घरांखाली भूकंप किती उथळ होता, याचाही त्यात वाटा आहे.

लहान धक्के चिकाटीने मोजले तर हाती काय लागते, हे पाहायला परदेशी जायला नको. कोयनेचे शिवाजीसागर १९६२ मध्ये भरू लागले, धक्के सुरू झाले आणि यंत्रे बसली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हापासून तिथली मोजणी थांबलेली नाही आणि यंत्रांची संख्या वाढत गेली. त्यातून निघालेला सर्वांत मोलाचा निष्कर्ष मला ‘कोयनेत भूकंप होतात’ हा वाटत नाही, ते पोफळीच्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मोलाचे हे, की भूकंपांचे क्षेत्र सुमारे २० बाय ३० किलोमीटरचे आहे, बहुतेक धक्के दहा किलोमीटरच्या आत होतात आणि पावसाळ्यानंतर जलाशयाच्या पातळीबरोबर त्यांची संख्या बदलते. धोका कुठे आहे हे कळले, त्याबरोबर तो कुठे नाही हेही कळले. कराडला भूभौतिकीची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेता आले, ते याच नोंदींच्या आधारावर. हजारो लहान धक्क्यांनी आधी बोट दाखवले नसते, तर एवढा खर्चिक खड्डा नेमका कुठे खणायचा हेच ठरले नसते. गोंदियाला तीन किलोमीटर खोल विवराची गरज नाही. गरज आहे ती ‘कुठे आहे’ आणि ‘कुठे नाही’ या दोन उत्तरांची.

सर्वांत वजनदार आक्षेप असा, की लहान धक्के मोजून मोठ्याचे भाकीत करता येत नाही, मग हा खटाटोप कशाला? आक्षेपाचा पहिला भाग मी पूर्ण मान्य करतो. इटलीत लाक्विला शहराजवळ २००९ च्या भूकंपाआधीचे काही महिने लहान धक्के बसत होते. तज्ज्ञांची बैठक झाली, नागरिकांना धीर दिला गेला आणि आठवडाभरात, ६ एप्रिलला, झालेल्या भूकंपात तीनशेहून अधिक माणसे मेली. सहा शास्त्रज्ञ आणि एक अधिकारी यांना न्यायालयाने २०१२ मध्ये दोषी ठरवले. पुढे अपिलात शास्त्रज्ञ सुटले. उलट पालघरमध्ये हजारो धक्के नोंदले गेले आणि मोठा भूकंप झालेला नाही. कॅलिफोर्नियातला ठोकताळा असा, की एखाद्या धक्क्यानंतर आठवडाभरात त्याहून मोठा धक्का येण्याची शक्यता शंभरात पाचच्या आसपास असते. पंचाण्णव वेळा काही होत नाही, म्हणून भाकिताच्या नावाखाली यंत्रे मागणाऱ्याने लोकांची फसवणूक करू नये. पण हा ‘शंभरात पाच’चा आकडा तरी कुठून आला? दशकानुदशके लहान धक्के नोंदले म्हणून. विदर्भासाठी असा आकडा पाच आहे, एक आहे की अर्धा, हे कुणी सांगू शकत नाही, कारण भागाकाराला खालची संख्याच नाही. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकचे उदाहरण आपल्याला जास्त जवळचे आहे. तिथलाही खडक प्राचीन आणि प्रदेश स्थिर समजला जाणारा. जानेवारी १९८७ मध्ये तिथे धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि वर्षाने, २२ जानेवारी १९८८ रोजी, बारा तासांत ६ पेक्षा मोठे तीन भूकंप झाले. वर्षभराच्या त्या धक्क्यांनी तारीख सांगितली नव्हती, पण जागा दाखवली होती. तारीख कळली तर माणसे घराबाहेर काढता येतात, जागा कळली तर घरे नीट बांधता येतात, आणि दुसरे काम पहिल्यापेक्षा जास्त जीव वाचवते.

दुसरा आक्षेप प्रशासनाकडून येतो, बहुधा खाजगीत: न जाणवणारे धक्के मोजून जाहीर केले तर लोक घाबरतील. पालघरमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये धक्क्याच्या भीतीने धावताना पडून एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. तेव्हा भीतीही मारते, हे नाकारता येणार नाही. पण ती भीती नोंदीने आली नव्हती, जमीन हलली म्हणून आली होती. भीती वाढते ती उत्तर नसताना. हिंगोली जिल्ह्यातल्या पांगरा शिंदे परिसरात लोक वर्षानुवर्षे जमिनीतून गूढ आवाज ऐकत होते, सप्टेंबर २०२२ मध्ये लातूरच्या हासोरीत तेच झाले. अगदी उथळ लहान धक्क्यांचा आवाज येतो, हालचाल मात्र जेमतेम जाणवते किंवा जाणवतही नाही. त्यामुळे लोक एक सांगतात, लांबचे यंत्र दुसरेच सांगते, आणि ‘नोंद नाही’ या उत्तराचा गावकऱ्यांच्या लेखी अर्थ होतो ‘तुम्ही खोटे बोलता’. २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोलीत ४.५ चे दोन धक्के बसले, तेव्हा कोण खरे बोलत होते याचा निकाल लागला. नागपूर जिल्ह्यात मे २०२४ मध्ये लागोपाठ नोंदलेल्या दोन-अडीचच्या धक्क्यांबाबत उलट शंका आली, की हे कोळसा खाणींतले सुरुंगस्फोट असावेत. गोंदियाच्या भोवतीही खाणी आहेत, बालाघाट-भंडाऱ्याच्या मँगनीजच्या आणि मलाजखंडच्या तांब्याच्या. सुरुंगाची लहर सगळ्या दिशांना बाहेर ढकलणारी असते, दुसरी लहर फिकी असते आणि वेळ बहुधा दिवसाची. जवळ चार यंत्रे असतील तर स्फोट की भूकंप हे काही तासांत सांगता येते. उद्या नागऱ्याच्या सरपंचाला कुणी विचारले की काल रात्री काय झाले, तर त्याच्याकडे ‘घाबरू नका’पेक्षा काही ठोस असावे.

पैशाचा आक्षेप मला सर्वांत दुबळा वाटतो, तरी तो टाळता येत नाही. धानाच्या बोनससाठी दरवर्षी झगडणाऱ्या जिल्ह्यात, जिथे दवाखान्यात डॉक्टर मिळण्याची मारामार आहे, तिथे भूकंपमापकाची मागणी चैनीची वाटू शकते. पण एक चांगले यंत्र काही लाखांत येते. चार-पाच यंत्रे आणि त्यांची देखभाल हा एखाद्या मध्यम पुलापुढे किरकोळ खर्च आहे. त्याचा उपयोग दोन ठिकाणी थेट होईल. पहिले ठिकाण तलाव. गोंदिया-भंडाऱ्याचे हजारो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मातीच्या पाळीवर उभे आहेत. इटियाडोह, पुजारीटोला, शिरपूर ही धरणे वेगळीच. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात कच्छमधल्या चांग, फतेहगडसारख्या अनेक मातीच्या धरणांचे भराव भेगाळले, खचले. जलाशय तेव्हा जवळजवळ कोरडे होते म्हणून पुढचे संकट टळले. गोंदियाच्या पाळी ऑक्टोबरात काठोकाठ भरलेल्या असतात. त्या सगळ्या एकदम मजबूत करणे परवडणार नाही, आधी कोणत्या पाळी घ्यायच्या हे ठरवायला तरी जमिनीची माहिती लागेल. दुसरे ठिकाण घरे. इकडची जुनी मातीची घरे कवेलूंची, छत तुलनेने हलके. ती जाऊन घरकुल योजनेतली विटांची, वर स्लॅबची घरे येत आहेत. ती टिकाऊ आहेत, पण दारे-खिडक्यांच्या वर सलग लिंटेल पट्टी आणि कोपऱ्यांत उभी सळई नसेल तर जड छताखाली माणूस अधिक असुरक्षित होतो. हा आपला किल्लारीचाच धडा आहे. झोन २ म्हटल्यावर मिस्त्री पट्टी गाळतो आणि तपासणारा डोळेझाक करतो. कोणी म्हणेल, पट्टी घालायला भूकंपमापक कशाला? बरोबर आहे, ती आजच घालावी. पण नियम सैल पाळायचा की काटेकोर, हे ज्या नकाशावर ठरते तो नकाशा मोजमापावर उभा असावा.

यंत्रे कुठे बसवायची, यावर एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण अशा वेळी प्रत्येक गाव आपल्याकडेच बसवा म्हणून अडून बसते. नागऱ्यात यंत्र बसवू नये. शेजारून रेल्वे जाते, गोंदिया हे मोठे जंक्शन, भोवती राईस मिल आणि पायाखाली शेतीची माती. आगगाडीच्या थरथराटात १ तीव्रतेचा धक्का सापडणे अवघड. यंत्राला शांतता आणि उघडा कठीण खडक हवा. तो दरेकसाच्या डोंगरात आहे, नवेगावच्या जंगलाकडे आहे, इटियाडोहच्या बाजूला शोधता येईल. एक यंत्र वैनगंगेच्या पलीकडे बालाघाट जिल्ह्यात असायलाच हवे, कारण भ्रंश राज्याची सीमा पाहून वळत नाही आणि सगळी यंत्रे एकाच बाजूला असली की ठिकाण चुकते. गोंदियाच्या महाविद्यालयांना नोंदी वाचायचे काम देता येईल. नांदेड शहरात धक्के सुरू झाले तेव्हा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने अभ्यासात भाग घेतलाच होता. नेपाळमध्ये तर स्वस्तातली यंत्रे थेट शाळांतून बसवली आहेत आणि शिक्षक ती सांभाळतात. आपल्याकडची भीती वेगळी आहे: उद्घाटनाची फीत कापली जाईल, पहिल्या पावसाळ्यात बॅटरी जाईल आणि यंत्र कपाटात पडून राहील. ही भीती रास्त आहे. यंत्र विकत घेणे सोपे असते, ते दहा वर्षे चालू ठेवणे अवघड. म्हणून निधी देतानाच देखभालीची तरतूद वेगळी दाखवावी आणि नोंदी रोजच्या रोज मराठीत जाहीर करण्याची अट घालावी. नोंदी लोकांसमोर असल्या तर यंत्र बंद पडल्याचे लोकांनाच आधी कळेल.

राहिला तो आक्षेप, जो घेणारा मनातून प्रामाणिक असतो: पाच वर्षे यंत्रे चालली आणि काहीच सापडले नाही तर? शक्य आहे. जुना, घट्ट खडक खरोखर शांत असू शकतो. तसे झाले तर १ पर्यंतचे धक्के टिपू शकणाऱ्या यंत्रांनी पाच वर्षांत काय टिपले, हे अभियंत्याला पहिल्यांदाच आकड्यांत सांगता येईल. पाच वर्षे भूगर्भाच्या हिशेबात काहीच नाहीत, त्यामुळे तेवढ्यावर कुणी निर्धास्त व्हायचे नाही. पण आजच्या ‘कमी धोका’ला तेवढाही आधार नाही. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या आराखड्यात चार यंत्रांची मागणी घालायला आणि बालाघाटच्या जिल्हा प्रशासनाला पाचव्यासाठी पत्र लिहायला कोणताही नवा कायदा लागत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ पासून आहे आणि जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात.